एका स्टारचा इतिहास : वाईट रिव्ह्यू आल्यावर लेखक काय करतात?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे भागाचा लेखी मजकूर. बोलताना घेतलेले श्वास आणि मध्येच वाजलेला प्रेशर कुकर तेवढा काढून टाकलाय.

आजचा विषय एक स्टार.

हल्ली पुस्तक लिहिणं सोपं झालंय असं म्हणतात. फोनवर टाईप करा, ॲपवर टाका, ई-बुक करा, संपलं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट सोपी झाली. कुणी तरी, कुठून तरी, अंगठ्याच्या एका टोकाने एक स्टार देतो आणि खाली लिहितो, ‘वेळ वाया गेला.’ लिहिणाऱ्याची दोन वर्षं, वाचणाऱ्याची दोन सेकंदं. मग त्या लेखकाला सगळे एकच सल्ला देतात, ‘अरे, दुर्लक्ष कर.’

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे रोज कोड रिव्ह्यू होतो. माझ्या कोडखाली कुणी लिहिलं, ‘हे फंक्शन मोठं झालंय, दोन भाग कर,’ तर वाईट वाटत नाही, कारण लिहिणारा कोण आहे हे मला माहीत असतं, त्याने कोड खरंच वाचलेला असतो, आणि बोलणं फंक्शनबद्दल असतं, माझ्याबद्दल नसतं. या तीन गोष्टी काढून घ्या आणि मग बघा काय होतं. नाव नाही, वाचलेलं नाही, आणि बोलणं थेट तुमच्या लायकीवर. आपल्याकडे निंदक शेजारी असावा असं म्हणतात, पण शेजारचा निंदक निदान ओळखीचा तरी असतो.

मला वाटायचं की हा सगळा इंटरनेटचा प्रताप आहे. मग जुनं वाचायला लागलो आणि कळलं की ही गोष्ट इंटरनेटच्या निदान पावणेदोनशे वर्षं आधीची आहे. म्हणून आज ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला इतिहासावर घासून बघू. टिकतो का?

१८१८ : अर्धंसुद्धा न वाचता दिलेला एक स्टार

चला लंडनला. १८१८ साल. जॉन कीट्स नावाचा बावीस वर्षांचा मुलगा आहे. वडील घोड्यांच्या तबेल्याचं काम बघायचे, आई-वडील दोघंही लवकर गेले. याने औषधं देणाऱ्याकडे उमेदवारी केली, लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये शिकला, १८१६ मध्ये परवाना मिळवला आणि मग ठरवलं की आपल्याला कविता करायचीय. आजच्या भाषेत, इंजिनिअरिंग पूर्ण करून ‘मला लेखक व्हायचंय’ म्हणणारा मुलगा. घरोघरी अशी केस असते.

त्याने ‘एन्डिमियन’ नावाची चार भागांची, सुमारे चार हजार ओळींची कविता प्रसिद्ध केली. गंमत म्हणजे प्रस्तावनेत त्याने स्वतःच सांगून टाकलं की ही रचना कच्ची आहे, तरुण वयातली आहे. टीकाकारांना आयतं हत्यार मिळालं.

त्या काळी ब्रिटनमध्ये मोठी समीक्षा-मासिकं आणि त्रैमासिकं होती : ‘एडिंबरा रिव्ह्यू’, ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’, ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’. त्यांचा शब्द म्हणजे बाजारातला भाव. आणि यात छापून येणाऱ्या परीक्षणांखाली बहुतेक वेळा नाव नसायचं. आपण समजतो की निनावी अकाउंट ही मोबाईलवाल्यांची देणगी आहे. छे! ती फार जुनी सोय आहे.

‘ब्लॅकवुड्स’मध्ये ऑगस्ट १८१८ मध्ये ‘झेड’ या एका अक्षराच्या सहीने लेख आला. लिहिणारा होता जॉन गिब्सन लॉकहार्ट, जेमतेम चोविशीतला. त्याने कवितेबद्दल थोडं आणि कवीच्या जातकुळीबद्दल जास्त लिहिलं. सार एवढंच की बाबा रे, तू औषधाच्या दुकानातला पोरगा, तिथेच परत जा आणि मलमपट्टी कर. ऑक्सफर्ड-केंब्रिजला न गेलेल्या, लंडनच्या साध्या वस्तीतल्या लेखकांना त्यांनी एक टोपणनावच पाडलं होतं, ‘कॉकनी स्कूल’. मग सप्टेंबरात ‘क्वार्टर्ली’चा अंक आला. त्यातला लेख जॉन विल्सन क्रोकरचा. हे गृहस्थ ब्रिटिश नौदलाच्या खात्यात बडे सचिव. त्यांनी त्या लेखातच कबूल केलं की चारपैकी पहिल्या भागापलीकडे आपल्याला वाचवलं नाही. म्हणजे पंचवीस टक्के वाचलं आणि रिव्ह्यू टाकला. ओळखीचं वाटतंय ना?

पुढची गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते : त्या टीकेने कीट्स खचला आणि पंचविसाव्या वर्षी मेला. ही दंतकथा त्याच्या मित्रांनीच पसरवली. शेलीने त्याच्यावर शोककाव्य लिहिलं त्यात तसा सूर लावला, बायरनने पुढे याच गोष्टीची थट्टा केली, आणि ती चिकटली ती चिकटलीच.

प्रत्यक्षात काय झालं? कीट्स २३ फेब्रुवारी १८२१ रोजी रोममध्ये क्षयाने गेला. टीका आली तेव्हा तो धाकट्या भावाची, टॉमची, शुश्रूषा करत होता. टॉमलाही क्षयच होता आणि १ डिसेंबर १८१८ ला तो वारला. ऑक्टोबरमध्ये कीट्सने आपल्या प्रकाशकांपैकी एकाला पत्र लिहिलं. त्यातला मुद्दा असा की ‘ब्लॅकवुड्स’ आणि ‘क्वार्टर्ली’ मला जेवढं दुखवू शकतील त्याहून जास्त मी स्वतःच स्वतःच्या लिखाणाला दुखवलंय. स्वतःचा सगळ्यात कडक रिव्ह्यूअर तो स्वतःच होता, त्यामुळे बाहेरच्यांच्या हातात फार काही उरलं नाही.

आणि तो लिहीत होता. त्याच शरद ऋतूत त्याने पुढची मोठी कविता हातात घेतली होती. पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, त्याने ती गीतं लिहिली ज्यांच्यासाठी आज जगभर त्याला शिकवतात. म्हणजे एक स्टार आणि अभ्यासक्रम यांच्यात एका वर्षाचं अंतर.

पण थांबा. यावरून ‘बघा, खरा कलावंत खचत नाही’ असा निष्कर्ष काढू नका. कारण कीट्स एकटा नव्हता. मित्रांनी वर्तमानपत्रांत त्याची बाजू घेतली, ‘मॉर्निंग क्रॉनिकल’मध्ये त्याच्या समर्थनार्थ पत्रं छापून आली. आणि त्याच हिवाळ्याच्या तोंडावर कुणा अनोळखी चाहत्याने नाव न सांगता त्याला एक कविता आणि पंचवीस पौंडांची नोट पाठवली. नाव न सांगता दगड मारता येतो, तसा आधारही देता येतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बायरन : उलट उत्तर, पण भलत्यालाच

दुसरा मार्ग, सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा येणारा : ठोकून काढायचं.

लॉर्ड बायरनचं पहिलं प्रसिद्ध पुस्तक १८०७ सालचं, वय एकोणीस. ‘एडिंबरा रिव्ह्यू’ने १८०८ च्या सुरुवातीला त्याची यथेच्छ टर उडवली. बायरनने नंतर सांगितलं की परीक्षण वाचलं त्या दिवशी त्याने वाईनच्या तीन बाटल्या रिचवल्या. मग लिहायला बसला आणि १८०९ मध्ये एक लांबलचक उपहासकाव्य काढलं, ज्यात त्या मासिकाच्या संपादकाला, फ्रान्सिस जेफ्रीला, सोलून काढलं. जेफ्रीच कशाला, वॉल्टर स्कॉटपासून वर्ड्‌स्वर्थपर्यंत दिसेल त्याला झोडपलं. पुस्तक तुफान खपलं.

पण गडबड अशी की ते परीक्षण जेफ्रीने लिहिलेलंच नव्हतं. ते हेन्री ब्रूमने लिहिलं होतं. निनावी व्यवस्थेचा हा दुसरा तोटा. दगड कुठून आला कळत नाही, म्हणून आपला दगड भलत्याच माणसाला लागतो. पुढे बायरनची यातल्या काहींशी चांगली ओळख झाली, स्कॉटशी तर मैत्रीच. १८१२ मध्ये त्याने त्या काव्याची पाचवी आवृत्ती स्वतःहून रोखली. पण आधीच्या चार आवृत्त्या बाजारात गेलेल्या. पोस्ट डिलीट केली तरी स्क्रीनशॉट राहतातच.

आणखी एक गोष्ट. बायरन लॉर्ड होता. त्याच्याकडे पदवी होती, जमीनजुमला होता, राजकारणात बसायला जागा होती. उलट उत्तर द्यायलाही ऐपत लागते. कीट्सने तसंच काव्य लिहिलं असतं तर ‘औषधवाला चिडला’ म्हणून आणखी हसले असते.

मेलव्हिल : शेवटची फाईल राहून गेली

आता माझ्या सगळ्यात आवडीची केस. आवडीची म्हणजे काय, ऐकून पोटात गोळा येतो अशी.

हर्मन मेलव्हिल, अमेरिकन. ‘मोबी डिक’ आज अमेरिकन साहित्यातली थोर कादंबरी मानतात. पांढऱ्या देवमाशाच्या मागे लागलेला कप्तान, शेवटी जहाज बुडतं, सगळे मरतात, एक जण वाचतो, इश्माएल. तोच आपल्याला गोष्ट सांगतोय. तो कसा वाचला, हे शेवटच्या छोट्याशा उपसंहारात येतं.

ही कादंबरी आधी लंडनमध्ये आली, ऑक्टोबर १८५१ मध्ये, ‘द व्हेल’ या नावाने, तीन खंडांत. अमेरिकेत न्यूयॉर्कला नोव्हेंबरमध्ये. आणि लंडनच्या आवृत्तीत तो उपसंहार छापलाच गेला नाही. कसा राहिला, कुणाच्या हातून राहिला, यावर अभ्यासकांचे तर्क आहेत, पण राहिला हे खरं.

आता तुम्ही लंडनमधले रिव्ह्यूअर आहात असं समजा. तीन खंड वाचले. शेवटी सगळे मेले. मग गोष्ट सांगणारा कोण, भूत? काहींनी अगदी हाच आक्षेप घेतला की लेखकाला कथा सांगण्याचे साधे नियम कळत नाहीत. लंडनमध्ये चांगली परीक्षणंही आली होती हे सांगायला हवं, पण झोडपणारी आली त्यात हा मुद्दा होता. आणि त्यांतल्या काहींचे उतारे समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या पेपरांत पोचले. तिथल्या आवृत्तीत उपसंहार व्यवस्थित होता, पण लंडनच्या मताचं वजन मोठं.

आमच्या भाषेत सांगायचं तर बिल्डमध्ये एक फाईल राहिली, युजरनी ॲप क्रॅश होतंय म्हणून एक स्टार दिला, आणि ते रेटिंग बरोबर चालणाऱ्या व्हर्जनलाही चिकटलं. फरक इतकाच की १८५१ मध्ये हॉटफिक्स नव्हता. मेलव्हिल अमेरिकेत, पुस्तक लंडनला, मध्ये अटलांटिक. ‘अहो, शेवटचं पान राहिलंय’ हे सांगायचं कुणाला?

पुढच्या वर्षी त्याची ‘पियरे’ कादंबरी आली आणि तिला याहून वाईट वागणूक मिळाली. न्यूयॉर्कच्या एका पेपरने मथळाच दिला की मेलव्हिल वेडा झालाय. १८५७ नंतर त्याच्या हयातीत त्याची एकही नवी कादंबरी प्रसिद्ध झाली नाही. १८६६ मध्ये त्याने न्यूयॉर्क बंदरात जकात खात्यात निरीक्षकाची नोकरी धरली आणि एकोणीस वर्षं केली. २८ सप्टेंबर १८९१ ला तो गेला तेव्हा ‘मोबी डिक’चा लेखक म्हणून त्याला फार कुणी ओळखत नव्हतं.

पण, आणि हा ‘पण’ मला खूप महत्त्वाचा वाटतो, तो लिहायचा थांबला नव्हता. दिवसा जकात, बाकीच्या वेळात कविता. १८७६ मध्ये त्याने एक प्रचंड दीर्घकाव्य छापलं, तेसुद्धा मामांनी खर्चाला पैसे दिले म्हणून. आणि मेल्यावर त्याच्या कागदांत ‘बिली बड’ नावाची कथा सापडली, जी १९२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास लोकांनी ‘मोबी डिक’ पुन्हा उघडलं. वाचकांचा निकाल बदलला, पण ज्याचा निकाल होता तो माणूस तीस-एक वर्षं आधीच गेला होता.

‘काळ न्याय करतो’ असं आपण किती सहज म्हणतो. करतो, पण तारीख पे तारीख. लेखकाला भाडं मात्र दर महिन्याला भरायचं असतं.

पुणे, बुलढाणा : आपल्या घरातली गोष्ट

तुम्ही म्हणाल, सगळे गोरेच का सांगतोस? चला पुण्यात.

१८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. मराठी गद्याला त्यांनी धार दिली, इंग्रजी धर्तीची समीक्षा मराठीत रुजवली, हे खरंच. पण ती धार ज्यांच्यावर चालली त्यांत जोतीराव फुले होते. ‘गुलामगिरी’ १८७३ ची. चिपळूणकरांनी फुल्यांच्या लिखाणाचा समाचार घेतला तेव्हा त्यांच्या भाषेची, व्याकरणाची भरपूर थट्टा केली. आता लॉकहार्ट आठवा. तिकडे ‘तू औषधवाला’, इकडे ‘तुला शुद्ध लिहिता येत नाही’. पुस्तकात जो सवाल विचारलाय त्याला उत्तर देण्याऐवजी विचारणाऱ्याच्या जिभेवर बोट ठेवायचं. हा रिव्ह्यूचा फार जुना फॉरमॅट आहे.

फुल्यांनी काय केलं? मला सगळ्यात भावतं ते हे. त्यांनी आपली भाषा ‘निबंधमाला’सारखी करून घेतली नाही. १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण झाला. त्यातला मजकूर त्यांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. बडोद्याला सयाजीराव महाराजांनाही ऐकवला. म्हणजे पुस्तक ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यासमोर ठेवलं. रिव्ह्यूअर त्यांनी स्वतः निवडले. आमच्याकडे याला युजर टेस्टिंग म्हणतात, आणि ते नेहमी खऱ्या युजरबरोबर करायचं असतं.

१८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरणार होती. न्यायमूर्ती रानड्यांकडून बोलावणं आलं, आणि फुल्यांनी पत्र लिहून नकार दिला. आमच्या माणसांच्या हक्कांचं ज्यांना पडलेलं नाही त्यांच्या सभेत आमचं काय काम, असा त्याचा रोख. कोणाचं मत घ्यायचं नाही, हेही त्यांनी ठरवलेलं होतं.

आता बुलढाण्याला. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. त्यावर पुण्याच्या ‘पुणेवैभव’ पत्रात सगळ्या बायकांच्याच चारित्र्यावर घसरणारं लिखाण आलं. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पेटून उठल्या. त्यांचे वडील बापूजी सरकारी कचेरीत नोकरीला, सत्यशोधक विचारांचे. ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं. १८८२ मध्ये पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापलं, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. पन्नासएक पानांचं पुस्तक, पण प्रश्न असे की आजही वाचताना आपण खुर्चीत सरळ होऊन बसतो. जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता तेच पुरुषांत नाहीत काय, एवढं साधं विचारलंय.

पुस्तकावर टीका झाली, टिंगल झाली. फुले मात्र पाठीशी उभे राहिले. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’ काढलं, त्यात ताराबाईंचा कैवार घेतला, आपल्या मुलीसारखा उल्लेख करून. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला माहीत नाही. पाचशे प्रतींचं ते पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. त्र्याण्णव वर्षांनी! १९९४ मध्ये रोझालिंड ओ’हॅन्लन यांचं इंग्रजी भाषांतर आलं आणि जगभरच्या विद्यापीठांत ते वाचलं जाऊ लागलं.

इथे ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला माझ्या मते कोसळतो. बायरनवर झालेली टीका त्याच्या पुस्तकावर होती, घरी गेला की तो लॉर्डच. पण ज्या गावात तुम्ही राहता, ज्या समाजात लेकी-सुनांनी गप्प बसावं अशी अपेक्षा असते, तिथे वाईट रिव्ह्यू कागदावर थांबत नाही, तो दारात येतो. आणि त्याचा हिशोब कुठेच लागत नाही, कारण जे लिहिलंच गेलं नाही ते कुणाला दिसत नाही. मेलव्हिलचे कागद पेटीत सापडले. ताराबाईंच्या पुढच्या पुस्तकाची पेटीच नाही.

व्हिटमन ते ॲमेझॉन : आपणच आपली पाठ थोपटू या

एक मार्ग राहिला. जरा मजेशीर आहे.

१८५५ मध्ये वॉल्ट व्हिटमनने ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ स्वतःच्या खर्चाने छापलं. मग निरनिराळ्या नियतकालिकांत त्याची तीन परीक्षणं निनावी लिहिली. कुणी? व्हिटमननेच! पण त्याने आणखी एक केलं. १८५६ च्या आवृत्तीला जोडून परीक्षणं छापली, आणि त्यांत झोडपणारीही होती. म्हणजे कौतुक स्वतः लिहिलं, पण शिव्या खऱ्या, लोकांच्याच ठेवल्या.

आता दीडशे वर्षं पुढे या. फेब्रुवारी २००४. ॲमेझॉनच्या कॅनडातल्या साईटवर बिघाड झाला आणि निनावी रिव्ह्यू लिहिणाऱ्यांची खरी नावं काही दिवस सगळ्यांना दिसायला लागली. माझ्यासारख्याला हे वाचून घामच फुटतो, त्या टीमची ती रात्र कशी गेली असेल! तर बाहेर काय आलं? काही लेखक स्वतःच्याच पुस्तकांना पाच स्टार देत होते. जॉन रेचींसारखा नावाजलेला कादंबरीकारही त्यांत होता. त्यांचं म्हणणं असं की निनावी कुणीही येऊन पुस्तक बदनाम करू शकतो, तर लेखकाने काय बघत बसायचं?

यात थोडी सहानुभूती वाटते. पण पुढची पायरी बघा. २०१० मध्ये रशियाचे नामवंत ब्रिटिश इतिहासकार ऑर्लंडो फायजिस यांचं प्रकरण गाजलं. ॲमेझॉनवर टोपणनावाने त्यांच्या पुस्तकाचं कौतुक आणि त्याच विषयावर लिहिणाऱ्या इतरांच्या पुस्तकांवर टीका होत होती. आधी वकिली भाषा झाली, मग पत्नीने लिहिल्याचं सांगितलं गेलं, आणि अखेर त्यांनी स्वतःच कबूल केलं, माफी मागितली, भरपाई दिली. दुखावलेला लेखकसुद्धा संधी मिळाली की लॉकहार्ट होऊ शकतो.

पुस्तक नाही, तरी स्टार आहेत

शेवटची केस ताजी. जून २०२३. एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी नव्या कादंबरीची घोषणा केली, ‘द स्नो फॉरेस्ट’, पार्श्वभूमी सायबेरियाची. युक्रेनवर हल्ला सुरू असताना रशियात घडणारी गोष्ट कशाला, म्हणून गुडरीड्सवर काही दिवसांत शेकडो एक-स्टार पडले. पुस्तक २०२४ मध्ये येणार होतं, म्हणजे त्या लोकांनी ते वाचलेलं असणं शक्यच नव्हतं. क्रोकरने निदान एक चतुर्थांश वाचलं होतं! गिल्बर्ट यांनी आठवड्याच्या आत पुस्तक मागे घेतलं. युक्रेनी वाचकांचा राग आणि दुःख मी ऐकलं, असं त्यांचं कारण होतं.

यात बरोबर कोण, यावर आमच्या ग्रुपमध्ये दोन तास वाद झाला. घरावर बॉम्ब पडत असलेल्या माणसाचं दुःख खोटं नाही. पण त्या दुःखासाठी स्टार हे खाणंच चुकीचं आहे. स्टारचं खाणं ‘हे पुस्तक कसं आहे’ यासाठी असतं. सिस्टिमला दोन्हीतला फरक कळत नाही, ती फक्त सरासरी काढते. ३.२ म्हणजे काय? कुणाला आवडलं नाही, कुणाला पार्सल उशिरा मिळालं, कुणाला लेखकाचं आडनाव खटकलं, सगळं एकाच आकड्यात.

मग ‘दुर्लक्ष कर’चं काय?

सल्ला अर्धा टिकला असं मला वाटतं. दुर्लक्ष करून तरलेला एकही लेखक यात नाही. कीट्स तरला कारण स्वतःच्या कामाची त्याची फूटपट्टी आधीपासून तयार होती आणि पुढची कविता हातात होती. फुले तरले कारण आपलं वाचन कुणापुढे करायचं हे त्यांनी ठरवलेलं होतं. मेलव्हिलचं लिहिणं तरलं कारण पोटासाठी जकातीची नोकरी होती, म्हणजे लिखाणावर घर चालवायचं ओझं नव्हतं. हे काही मनाच्या कणखरपणाचे किस्से नाहीत, त्यामागे ठोस व्यवस्था आहे.

त्यामुळे तुमच्यातलं कुणी लिहीत असेल तर माझं म्हणणं इतकंच. प्रसिद्ध करण्याआधीच चार माणसं ठरवा, ज्यांचं मत तुम्ही मानणार. रिव्ह्यू आला की तीन प्रश्न विचारा : याने वाचलंय का? हा पुस्तकाबद्दल बोलतोय की माझ्याबद्दल? आणि यात दुरुस्त करण्यासारखं काही आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर भाषा कितीही कडू असो, ते घ्या. लंडनच्या टीकाकारांचा प्रश्न रास्तच होता, शेवटचं पान खरंच नव्हतं. आणि तडकाफडकी उत्तर लिहू नका. लिहिलंच तर ड्राफ्टमध्ये ठेवा आणि बायरनला आठवा.

पण आपल्यापैकी बहुतेक जण लेखक नाही, वाचक आहोत. म्हणून खरं काम आपल्याकडे आहे. पुस्तक आवडलं नाही तर जरूर सांगा, खोटं कौतुक कुणाच्या कामाचं नसतं. फक्त काय खटकलं ते सांगा, आणि तुम्ही कुठपर्यंत वाचलं तेही सांगा. आणि आवडलं असेल तर गप्प बसू नका. रागावलो की लगेच लिहायचं आणि आवडलं की मनात ठेवायचं, असं नको.

पंचवीस पौंडांची नोट पाठवायला हवी असं नाही. मराठीत आज कुणी तरी पहिलं पुस्तक काढलंय, तीनशे-पाचशे प्रती, ताराबाईंएवढ्याच. त्याखाली दोन रिव्ह्यू असतील, त्यातला एक वाईट. तिसरा कुणी लिहायचा, हे आपण ठरवू शकतो.

भाग कसा वाटला ते कळवा. एक स्टार दिलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत ऐकून द्या!